पाय टेकत नाहीत, गाडी खाली करू का?

प्रश्न : मी कराडला राहते. उंची पाच फूट एक इंच, वजन ५२ किलो. इतकी वर्षं ॲक्टिवा चालवली. यंदा घरात जुनी रॉयल एनफिल्ड हिमालयन (४११ सीसी, बीएस सिक्स) घेतली. ती घेऊन मला माहेरी चिपळूणला कुंभार्ली घाटातून एकटीने जायचंय. चालत्या गाडीवर काही त्रास नाही, पण थांबले की जेमतेम बोटं टेकतात, तीही एका वेळी एकाच पायाची. पाटणला पेट्रोल पंपात उजवीकडे वळताना समोर रिक्षा आली, ब्रेक दाबला आणि गाडी उजवीकडे पडली. एक मेकॅनिक म्हणतो, मागच्या शॉकअपला चाकाशी जोडणाऱ्या पट्ट्या लांब टाकू, दोन इंच खाली येईल, एका दुपारचं काम. दुसरा म्हणतो, पुढच्या शॉकअपचे पाइप क्लॅम्पमध्ये वर सरकवले की झालं. घरचे म्हणतात, ही तुझ्या उंचीची गाडीच नाही. काय करू?

उत्तर : ताई, पत्रातल्या शेवटच्या वाक्याला आधी उत्तर देते. माझी उंची तुमच्याहून इंचभरच जास्त आहे, आणि कोल्हापुरात उद्यमनगरला माझ्या गॅरेजमध्ये जी गाडी येते तिची ट्रायल मीच घेते. हिमालयन ४११ ही तुमच्या उंचीची गाडी आहे. तिची सीट जमिनीपासून ८०० मिलिमीटरवर आहे, आताच्या क्लासिक ३५०ची ८०५वर. क्लासिकला कुणी उंच गाडी म्हणत नाही. तुम्हाला नडतंय ते वजन, सगळं भरून १९९ किलो, आणि त्यातलं बरंचसं वरच्या बाजूला असणं. टाकी १५ लिटरची आहे. भरली की अकरा किलोच्या आसपास पेट्रोल तुमच्या पुढ्यात हिंदकळतं. सराव करताना टाकी अर्धीच ठेवा, पहिल्याच वळणावर फरक कळेल.

पाटणला गाडी पडली ती उंचीमुळे नाही. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी वळणाच्या आतल्या बाजूला कोसळते. सहा फुटी माणसाचीही कोसळते, त्याला फक्त पाय रोवायला थोडा जास्त वेळ मिळतो. अशा हळू वळणाला पुढच्या ब्रेकवरची बोटं काढून ठेवायची, क्लच अर्धा आणि वेग फक्त उजव्या पायाच्या ब्रेकने सांभाळायचा. थांबावंच लागलं तर आधी हँडल सरळ, मग ब्रेक. एवढं अंगात मुरेपर्यंत शॉकअपला हात लावू नका, कारण गाडी दोन इंच खाली आली असती तरी त्या दिवशी ती पडलीच असती.

आता त्या दोन मेकॅनिकांचं. दोघांनीही गाडीचं एकेकच टोक पाहिलंय. हँडलचा दांडा ज्या मानेत फिरतो, तिच्यातून एक तिरपी रेषा जमिनीपर्यंत काढली, तर ती जिथे टेकते त्याच्या थोडं मागे पुढचं टायर टेकलेलं असतं. या अंतराला ट्रेल म्हणतात. ट्रेल आहे म्हणून गाडी सरळ चालते आणि वळल्यावर हँडल पुन्हा सरळ होऊ बघतं. तुमच्या गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर १४६५ मिलिमीटर आहे. फक्त मागची बाजू २५ मिलिमीटर खाली घेतली तर सगळ्या गाडीचा कल जवळपास एक अंशाने बदलतो. मान मागे झुकते, ट्रेल वाढतो. हायवेला ते चालून जाईल. पण अगदी हळू वळताना हँडल आपल्या वजनाने एका बाजूला पडायला लागतं आणि ते हातांनी सावरून धरावं लागतं. म्हणजे पंपावर, यू-टर्नला, घाटाच्या चढत्या वळणावर, जिथे तुम्हाला आधीच धाकधूक आहे, नेमकी तिथेच गाडी जड होणार. पहिला मेकॅनिक तर दोन इंच म्हणतोय, म्हणजे याच्या दुप्पट.

दुसऱ्याचं ऐकून फक्त पुढचे पाइप सरकवले तर उलटं होतं. मान उभी होते, ट्रेल घटतो, महामार्गावर ट्रक शेजारून गेला की हँडल चंचल वाटतं. आणि इतकं करून सीट फारशी खाली येतच नाही, कारण तुम्ही बसता मागच्या चाकाच्या जवळ. पुढे २५ मिलिमीटर सरकवलं तर सीटला त्याचा तिसरा हिस्साही मुश्किलीने मिळतो.

मग सुरुवात कुठून करायची? मापापासून. पँटच्या शिवणीचं माप इथे कामाचं नाही. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहा, एक जाडसर वही दोन्ही पायांच्या मध्ये घट्ट वर सरकवा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. आपल्या उंचीच्या बायकांचं हे माप साधारण ७० सेंटिमीटरच्या आसपास येतं. त्यात बुटाचा तळवा धरा. चपला घालून चालवत असाल तर ते आजपासून बंद. घोट्यापर्यंतचे, अडीच-तीन सेंटिमीटर तळव्याचे, न घसरणारे बूट घ्या. आतापर्यंतच्या सगळ्यात स्वस्त तीन सेंटिमीटर तुम्हाला तिथे मिळतील, आणि गाडी पुन्हा पडलीच तर घोटाही वाचेल.

दुसरं माप गाडीचं. मागच्या चाकाची चाल, म्हणजे ते एकूण जितकं वर-खाली होऊ शकतं ते अंतर, १८० मिलिमीटर आहे. चालवणारा बसला की त्यातली पाव ते एक तृतीयांश, म्हणजे ४५ ते ६० मिलिमीटर दबली पाहिजे. कंपनीची स्प्रिंग एकट्या माणसापासून ते दोघं अधिक सामान इथपर्यंत चालावी अशी असते. तुमचं वजन ५२ किलो. त्यात जुन्या मालकाने डबलसीटसाठी स्प्रिंगचा ताण ठरवणारी रिंग आवळून ठेवली असेल, तर तुम्ही बसल्यावर गाडी पुरेशी दबतच नसणार. दोघांना गाडी धरायला लावून मागचं चाक जमिनीवरून सुटेपर्यंत उचला आणि चाकाच्या ॲक्सलपासून वर सीटखालच्या एखाद्या पक्क्या खुणेपर्यंत मोजा. मग हेल्मेट-बूट घालून तुम्ही बसा, दोन्ही पाय फूटरेस्टवर, कुणीतरी पुढून हँडल धरेल. पुन्हा तेच अंतर मोजा. फरक ४५च्या आत आला तर हुक पान्याने रिंग सैल करा, एक-एक घर (खाच), आणि प्रत्येक वेळी मोजा. पण सैल करण्यालाही हद्द आहे. कुणी बसलेलं नसताना गाडी स्वतःच्या वजनाने दहा ते पंचवीस मिलिमीटर दबली तर ठीक. त्याहून बरीच जास्त बसायला लागली तर एखादं घर परत आवळा, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात शॉकअप तळाला आपटेल. या कामाला पैसा लागत नाही आणि उद्या तुमच्या घरातलं दुसरं कुणी चालवणार असेल तर रिंग पाच मिनिटांत पुन्हा आवळता येते. मागे कुणी बसणार असेल तेव्हाही ती आवळायची आहे, हे विसरू नका.

तिसरं, सीट. माझ्याकडे उंचीची तक्रार घेऊन येणाऱ्यांतल्या बहुतेकांचं काम इथे संपतं. पाय जमिनीला सरळ रेषेत जात नाहीत, सीटच्या कडेवरून वळसा घेऊन जातात. त्यामुळे सीटची उंची जितकी महत्त्वाची तितकीच तिची पुढची रुंदी. चांगल्या सीट कव्हरवाल्याकडे सीट काढून न्या आणि त्याला मांड्या जिथून खाली उतरतात तिथल्या दोन्ही कडा तासायला सांगा. वरून फोम वीस मिलिमीटरपर्यंतच काढायचा आणि वरचा थर जास्त घनतेच्या फोमचा लावून घ्यायचा. नुसता फोम कापून तेच कव्हर ओढून बसवलं तर कोयनेला पोचायच्या आत खालचा पत्रा किंवा फायबर टोचायला लागतो. शिवण बसायच्या भागावर येऊ देऊ नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर शिवणीतून पाणी आत जातं आणि फोम दिवसेंदिवस ओला राहतो. शक्य असेल तर एक जुनी सीट वेगळी विकत घ्या आणि तीच कापा. मूळ सीट घरात राहू दे.

बूट, रिंग आणि सीट मिळून तुमच्या पायाखाली पाच-सहा सेंटिमीटर आलेले असतील. बोटांच्या जागी चवडा टेकेल. ताई, एका पायाचा चवडा पुरतो. दोन्ही तळवे सपाट टेकलेच पाहिजेत ही स्कूटरची सवय आहे आणि ती ॲक्टिवावर इतकी वर्षं पक्की झालेली असते, म्हणून मोटरसायकलवर बसल्यावर आपल्यातच काहीतरी कमी आहे असं वाटत राहतं. कमी काहीच नाही. थांबायच्या आधी पहिला गिअर टाकून ठेवायचा, कंबर सीटवरून डावीकडे सरकवायची, अर्धं बूड सीटबाहेर, डावा पाय सरळ खाली, उजवा पाय मागच्या ब्रेकवर. निघताना गाडी हलली की पुन्हा मध्ये बसायचं. मोकळ्या मैदानात सकाळी हाच सराव करा, नुसतं थांबणं आणि निघणं.

थांबायची जागा बघायची सवयही लावा. पाणी वाहून जावं म्हणून आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे डाव्या पायाखालची जमीन नेहमी थोडी खाली असते. सिग्नलला अगदी कडेच्या मातीत उभं राहिलात तर तिथे आणखी दोन-तीन सेंटिमीटर हरवतात. डांबराच्या आत, लेनच्या मधोमध थांबा. गाडी लावताना पुढचं चाक उताराला करून कधीच लावू नका. ती मागे ओढायला तुम्हाला पाय रोवावे लागतील आणि चवड्यांवर १९९ किलो मागे जात नाहीत. मागे घ्यावीच लागली तर खाली उतरा, डाव्या बाजूला उभं राहून कमरेचा टेकू सीटला द्या आणि ढकला. यात लाजण्यासारखं काही नाही, मी माझ्या गॅरेजच्या दारात रोज हेच करते.

इतकं सगळं करून महिनाभर चालवा. त्यानंतरही मन घेत नसेल तर मग शॉकअपकडे वळू, पण दोन्ही टोकं बरोबर आणि २५ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचा तळ यांतलं अंतर, २२० मिलिमीटर आहे, त्यातले २५ गेले तरी १९५ उरतात. आपल्या गावांतले स्पीड ब्रेकर कसे असतात ते तुम्हाला माहीत आहे. नियमाप्रमाणे गोल ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा, प्रत्यक्षात रातोरात घातलेली वीतभर रुंदीची भिंत असते. १९५मध्ये ती पार होईल, दोन इंच खाली केलीत तर उरणाऱ्या १७०मध्ये खालचा पत्रा घासेल.

मागच्या कामात माझा सल्ला लांब पट्ट्यांपेक्षा वेगळा आहे. पट्टी बदलली की चाक वर येतं, पण शॉकअपची चाल तेवढीच राहते. म्हणजे मोठ्या खड्ड्यात, मागे कुणी बसलेलं असताना, टायर पूर्वीपेक्षा जितकं वर आलं तितकं मडगार्डच्या जवळ जातं. पट्ट्याच टाकायच्या असतील तर मेकॅनिककडून एक गोष्ट करून घ्या. शॉकअपची स्प्रिंग काढून नुसती बॉडी बसवायची, जॅकने मागचं चाक अगदी शेवटपर्यंत उचलायचं आणि टायर व मडगार्डमध्ये बोट फिरतं का ते तुम्ही स्वतः बघायचं. तो याला टाळाटाळ करत असेल तर काम त्याला देऊ नका. पट्टी लेथवर नीट मापात काढलेली हवी, दोन्ही बाजूंची भोकं तंतोतंत जुळली पाहिजेत. वेल्डिंग करून लांब केलेली पट्टी मी कुणाच्याही गाडीला लावत नाही. याहून चांगलं काम म्हणजे शॉकअप उघडून आत स्पेसर, म्हणजे मापाचा जाड तुकडा, टाकून त्याची लांबीच कमी करणं. चाल थोडी घटते, पण टायर कुठे लागत नाही. हे काम फक्त शॉकअपचंच काम करणाऱ्याकडून करून घ्यायचं, त्यात गॅस आणि तेल दोन्ही असतं.

पुढे पाइप तितकेच वर सरकवायचे. गाडी मेन स्टँडवर, इंजिनाखाली जॅक. एका वेळी एकाच बाजूच्या क्लॅम्पचे बोल्ट सैल करायचे, आणि शेवटी दोन्ही पाइप व्हर्नियरने मोजून सारखे. त्याआधी पुढचं चाक हवेत असताना टायर व खालच्या मडगार्डपासून वर जे काही पहिलं आडवं येतं तिथपर्यंत मोजा. पुढची चाल २०० मिलिमीटर. ते अंतर २०० अधिक जितकं सरकवणार तेवढं, अधिक दहा, याहून जास्त भरलं तरच सरकवायचं. नंतर हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून ब्रेकचा पाइप, क्लचची केबल, एबीएसची वायर कुठे ताणत नाही ना ते पाहा.

आणि स्टँड! गाडी खाली आली, साइड स्टँड तेवढाच राहिला, की गाडी जवळपास उभी राहते. डावीकडची जमीन जरा उंच असली की ती उजवीकडे पडते, आणि शेजारी लहान मूल उभं असू शकतं. गाडी खाली करून देणाऱ्या कित्येकांना हे सुचतच नाही. स्टँड साधारण तितकाच, २० ते २५ मिलिमीटर कापून पुन्हा जोडून घ्यावा लागतो, खालच्या पावलाचा कोन तोच ठेवून. एकदम कापू नका, आधी कमी कापून गाडी उभी करून बघा. मेन स्टँडवर चढवायला गाडी आता जड जाईल, तिथे कुणाची तरी मदत लागेल. चेनचा ढिलेपणा आणि हेडलाइटचा झोत पुन्हा लावून घ्या. वळणावर गाडी पूर्वीइतकी झुकवता येणार नाही, फूटरेस्ट लवकर घासेल.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात बसणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सीटचा फोम आणि रिंगचं सेटिंग यात येत नाही. पण पट्ट्या किंवा शॉकअप बदलणार असाल तर विमा कंपनीला आधी लेखी विचारा आणि मूळ भाग जपून ठेवा.

कुंभार्लीबद्दल एवढंच. जाताना हेळवाकपर्यंत रस्ता सोपा आहे, पुढे पोफळीपर्यंत उतार. वळणाच्या पोटात थांबू नका, वळण संपल्यावर सरळ रस्त्यावर थांबा, कारण वळणाच्या आत जमीन एका पायाखालून एकदम खाली जाते. पहिली खेप पावसाळ्यानंतर, उजेडात, टॉपबॉक्स न लावता करा. पोचल्यावर कळवा, मला मनापासून ऐकायचंय.

प्रश्न : इचलकरंजीचा कॉलेजचा विद्यार्थी आहे. हिरो एक्सपल्स २०० फोर व्ही आहे, उंची पाच फूट तीन. मित्राने ग्राइंडरने स्प्रिंगचे दोन-दोन वेढे कापून गाडी खाली केली. मीही करू का?

उत्तर : नाही, बाळा. स्प्रिंग कापली की ती आखूड होते आणि शिवाय कडक होते. दहा वेढ्यांच्या स्प्रिंगमधले दोन काढले तर उरलेली २५ टक्के कडक. पुढच्या पाइपमध्ये तर चाक हवेत असताना कापलेली स्प्रिंग सैल पडून खडखडते, कारण पाइपची लांबी स्प्रिंगवर ठरत नाही, आतल्या रॉडवर ठरते. कापलेलं टोक सपाट बसत नाही, एका बाजूला रेटून सील खातं. ग्राइंडरच्या उष्णतेने तिथला पोलादाचा कस जातो तो वेगळाच.

तुझी सीट ८२५वर आहे आणि गाडी हिमालयनपेक्षा चाळीसेक किलोने हलकी. तुझ्या उंचीला ती रिंग सैल करून आणि सीटच्या कडा तासून जमते. तरी खाली करायचीच असेल तर पुढच्या पाइपच्या आत, रॉडवरच्या छोट्या स्प्रिंगखाली हव्या त्या जाडीचा स्पेसर टाकायचा आणि वरचा स्पेसर तेवढाच कापायचा, मागेही तितकंच. स्प्रिंग अखंड राहते, चाल तेवढी कमी होते. मित्रालाही सांग, नव्या स्प्रिंगा घेऊन टाक. शॉकअपचं तेल रिमवर ओघळलेलं दिसतंय का ते त्याला आजच बघायला लाव, ते डिस्कवर उतरलं तर ब्रेक लागणार नाही.

प्रश्न : साताऱ्याचा निवृत्त शिक्षक, वय ६४, उंची पाच फूट दोन. नवी बुलेट ३५० घेतली, गुडघे दुखतात, थांबताना भीती वाटते. मागचे दोन्ही शॉकअप आखूड मिळतात म्हणे, ते टाकावेत का?

उत्तर : सर, टाकू नका. तुमच्या बुलेटचा ग्राउंड क्लिअरन्स १७० आहे, तिच्याकडे घालवायला जागाच नाही. शिवाय मागचेच शॉकअप आखूड केले की वर कराडच्या ताईंना सांगितलं तेच हँडल पडण्याचं दुखणं मागे लागेल. मागच्या रिंगा सगळ्यात सैल घरावर आणा, दोन्ही बाजूंना सारखं घर, आणि सीटच्या कडा तासून घ्या. महिनाभरात बरं वाटलं नाही तर गाडी नवी आहे तोवर विका. मीटिअर ३५०ची सीट ७६५वर आहे, इंजिन त्याच घराण्यातलं, आणि पाय पुढे असल्यामुळे गुडघे कमी दुमडतात. जुनी ॲव्हेंजर चांगल्या अवस्थेत मिळाली तर तिची सीट ७३७वर आहे आणि वजनही बुलेटपेक्षा बरंच कमी. दोन्हींवर शोरूमच्या दारात नुसतं बसू नका, मागायची तर अर्ध्या तासाची ट्रायल मागा आणि त्यात एकदा यवतेश्वराचा चढ चढून या.